नाल, खूर आणि लंगडेपणा : एका वादाचा इतिहास

१

'नाल' हा शब्द मराठीत फारसीच्या द्वारे आला. त्याचे मूळ अरबी आहे. अरबी भाषेत या शब्दाचा मूळचा अर्थ माणसाच्या पायातील वहाण असा असून, घोड्याच्या खुराखालील लोखंड हा अर्थ त्यावरून पुढे निघाला. लॅटिनमधील 'सोलेआ' या शब्दाची वाटचालही अशीच झाली. त्याचाही पहिला अर्थ वहाण असाच आहे. इंग्रजीने तर 'शू' हा माणसाच्या पायातील जोड्याचाच शब्द घोड्याला दिला. उलट जर्मन लोक नालाला 'खुराचे लोखंड' म्हणतात आणि फ्रेंच भाषेत नुसते 'लोखंड' म्हटले तरी भागते. बायझंटाइन सम्राट सहावा लिओ (राज्यकाल ८८६–९१२) याच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात या वस्तूसाठी योजलेला ग्रीक शब्द चंद्रकोरीचा वाचक आहे. सारांश, नालाची नावे पादत्राणावरून, धातूवरून किंवा आकारावरून पडलेली दिसतात. ज्यामुळे नाल खुराला धरून राहतो तो खिळा मात्र यांपैकी एकाही नावात नाही.

मराठीत हा शब्द चांगलाच रुजला. नाल बसविणारा तो नालबंद. मराठ्यांच्या लष्करी कागदपत्रांत 'नालबंदी' ही संज्ञा शिलेदारांना मोहिमेच्या तयारीसाठी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेला लावलेली आढळते. म्हणजे नाल ठोकण्याच्या खर्चावरून घोडदळाच्या सिद्धतेच्या सर्वच खर्चाला नाव मिळाले. पुढे माणसाच्या जोड्याच्या टाचेखाली ठोकावयाच्या लोखंडी पट्टीलाही मराठीत 'नाल'च म्हणू लागले. वहाणेचा शब्द घोड्याकडे गेला आणि घोड्याकडून पुन्हा वहाणेकडे आला. 'खूर' आणि 'टाप' हे शब्द देशी परंपरेतील, तर नाल व नालबंद हे परकीय, एवढ्यावरून मूळ वस्तूच या देशात परकीयांनी आणली असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. कारण शब्द बदलतो तेथे वस्तू आधीपासून असू शकते. तथापि पादत्राणाच्या या रूपकाने घोड्याच्या पायाविषयीच्या विचाराला एक वळण दिले, हे मान्य करावे लागते. वहाण हवी तेव्हा घालता येते व नको तेव्हा काढून ठेवता येते. खिळ्यांनी ठोकलेला नाल सहा ते आठ आठवडे अहोरात्र खुराला जखडलेला असतो. वहाणेचा शब्द वापरणाऱ्याच्या मनातून हा भेद सहज निसटतो.

नाल ठोकल्यानंतर घोडा लंगडू लागला तर दोष कोणाचा, आणि नाल काढून त्याला अनवाणी ठेवावे काय, हा प्रश्न अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत फ्रान्स व इंग्लंड या देशांत फार आवेशाने चर्चिला गेला. त्या वादाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, घोड्याच्या लंगडण्याचा पुरावा दोन्ही पक्षांनी पुढे केला. परंतु ते लंगडणे केव्हा सुरू झाले, या साध्या प्रश्नाकडे दोघांनीही पुरेसे लक्ष दिले नाही.

२

प्राचीन ग्रीकांचे घोडे बिननालाचे होते. झेनोफन (इ. स. पू. सुमारे ४३०–३५४) याच्या अश्वारोहणावरील ग्रंथात घोडा विकत घेताना प्रथम खूर पाहावा असे सांगितले आहे. जाड भिंतीचा, खोलगट तळव्याचा, जमिनीवर आदळताच झांजेसारखा वाजणारा खूर त्याला उत्तम वाटतो. खूर टणक राखण्यासाठी त्याने दिलेला उपाय मोठा व्यवहारी आहे. तबेल्याबाहेर मुठीत मावतील एवढ्या गोल दगडांच्या चार-पाच गाड्या ओतून ते विखरू नयेत म्हणून सभोवती लोखंडी कड करावी, आणि घोडा रोज काही वेळ त्यांवर उभा करावा, म्हणजे त्याला खडकाळ वाटेवर चालल्याचा लाभ होतो. तबेल्याची जमीन ओली असू नये, तिला उतार असावा, हेही तो सांगतो. नाल नसलेल्या घोड्याची निगा ही काहीही न करता साधणारी गोष्ट नाही, याची जाणीव त्या काळी होती.

रोमन लोकांजवळ लोखंडी तळ असलेली व पट्ट्यांनी बांधावयाची साधने होती. गॉल, जर्मनी व ब्रिटन या भागांतील उत्खननांत ती सापडली आहेत. नीरो आपल्या खेचरांना चांदीचे तळवे घालीत असे, ही स्वेटोनियसने नोंदलेली हकीकत प्रसिद्धच आहे. तेथे शब्द आहे तो वहाणेचा. खिळ्यांनी ठोकलेल्या नालाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि लिओच्या ग्रंथातील यादीत चंद्रकोरी लोखंडाबरोबर खिळ्यांचाही उल्लेख असल्यामुळे दहाव्या शतकाच्या आरंभी हा प्रकार लष्करी साहित्यात मोडत होता, याविषयी शंका उरत नाही. पुढे युरोपात दमट हवा, दगडी रस्ते, जड ओझी आणि चिलखती स्वार यांमुळे नालाचा प्रसार झाला. लंडनचे नालबंद १३५६ मध्ये नगराध्यक्षाच्या आज्ञेने एकत्र आले आणि १६७४ मध्ये त्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली. घोड्याच्या पायाचा कारागीर हाच तोपर्यंत घोड्याचा वैद्यही होता.

३

पुढील वाद समजण्यासाठी खुराची रचना थोडक्यात ध्यानात घेणे अवश्य आहे. खुराची बाहेरील भिंत नखासारख्या निर्जीव पदार्थाची असते. तिच्या आत असंख्य उभे पापुद्रे असून त्यांतील आतले पापुद्रे सजीव, रक्तवाहिन्यांनी व मज्जातंतूंनी भरलेले असतात. त्यांनीच खुरातील हाड भिंतीला जणू टांगून धरलेले असते. भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर एक फिकट रेषा दिसते. खिळा या रेषेच्या बाहेर, निर्जीव भिंतीतून वर निघाला पाहिजे. तळव्याच्या मागील भागात एक त्रिकोणी लवचिक उंचवटा असतो. झेनोफन त्याला 'पाकोळी' म्हणतो, फ्रेंच लोक 'छोटा काटा' म्हणतात आणि इंग्रज 'बेडूक' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याला 'त्रिकोण' म्हटले आहे. घोड्याचा भार पडला की खुराचा मागील भाग किंचित रुंदावतो व पाय उचलला की पूर्ववत होतो. खूर महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढतो. त्यामुळे पुढच्या टोकाची भिंत वरपासून खालपर्यंत नवी व्हावयास बहुधा नऊ महिने ते वर्ष लागते. टाचेकडील भिंत आखूड असल्याने ती लवकर नवी होते.

नालबंदाच्या हातून घोडा लंगडा होण्याचे प्रकार यावरून स्पष्ट होतात. खिळा थेट सजीव भागात शिरला तर घोडा तत्क्षणी पाय ओढून घेतो आणि उपटलेल्या खिळ्यावर पुष्कळदा रक्त दिसते. खिळा आत न शिरता सजीव भागाच्या अगदी जवळून गेला तर त्याचा दाब हळूहळू जाणवू लागतो. घोडा त्या दिवशी बरा चालतो आणि एक-दोन दिवसांनी लंगडतो. जखमेत घाण राहून पू धरला तर लंगडणे आणखी काही दिवसांनी एकाएकी वाढते, खूर गरम लागतो आणि पायाच्या मागील बाजूची नाडी उडताना हाताला जाणवते. खूर फार कापला किंवा नालाचा दाब तळव्यावर आला, तर एका पायापेक्षा बहुधा दोन्ही पाय हुळहुळे होतात आणि घोडा काट्यांवरून चालल्यासारखा चालतो. पुढचा एक पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो, ही खूण जुन्या नालबंदांना पूर्णपणे ठाऊक होती.

या सर्व प्रकारांवर पहिला उपाय एकच. संशयित खिळे एकेक करून काढावे, प्रत्येक खिळ्याचा वास, ओल व रंग पाहावा, चिमट्याने खूर दाबून दुखरी जागा शोधावी आणि पू असल्यास त्याला खाली वाट करून द्यावी. यात हयगय झाली तर केवळ पायच नव्हे, तर जीवही जाण्याचा संभव असे. कारण घोडा धनुर्वाताला विशेष बळी पडणारा प्राणी आहे. या रोगाचा जंतू मातीत असतो हे आर्थर निकोलायर याने १८८४ मध्ये दाखविले आणि किटासाटोने तो १८८९ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तोपर्यंत खिळ्याची एक जखम भरून येते आणि तशीच दिसणारी दुसरी जखम आठवडा-दोन आठवड्यांनी प्राणघातक ठरते, याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते. सारा दोष नालबंदाच्या हातावर येई.

हे तात्कालिक लंगडेपणाचे प्रकार होत. याखेरीज दुसरा एक प्रकार होता. त्यात घोडा कोणत्याही विशिष्ट दिवशी लंगडा होत नसे. वर्षानुवर्षे त्याचे पाऊल आखूड होत जाई, टाचा आकसत, त्रिकोण सुकून लहान होई, आणि अखेरीस तो गाडीला किंवा खोगिराला निरुपयोगी ठरे. या दोन प्रकारांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. परंतु दोहोंना शब्द एकच होता, 'लंगडा'. आणि वादाचा बराचसा घोळ या एका शब्दात आहे.

४

अठराव्या शतकाच्या मध्यास जेरेमाया ब्रिजेस या इंग्रज लेखकाने आपल्या पुस्तकाला 'पाय नाही तर घोडा नाही' अशा अर्थाचे नाव दिले. ते पुढे म्हणीसारखे रूढ झाले. याच सुमारास फ्रान्समध्ये राजाच्या तबेल्याचा नालबंद एत्येन-ग्योम लाफोस याने १७५६ मध्ये नाल ठोकण्याच्या नव्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक वेळी तळवा व त्रिकोण कोरून पातळ करण्याची नालबंदांची सवय त्याला घातक वाटली. निसर्गाने दिलेली जाडी कापून टाकावयाची आणि मग तिच्या जागी जाड लोखंड बसवावयाचे, हा उलटा व्यवहार होय, असे त्याचे म्हणणे. त्याने अर्धा नाल सुचविला. तो फक्त पुढच्या टोकाचे रक्षण करी. टाचा व त्रिकोण जमिनीला टेकत. नालाला नकार न देता त्याची व्याप्ती कमी करण्याचा हा मार्ग होता. लाफोसने नेमकी एक कृती दोषी ठरविली आणि तिचा परिणाम सांगितला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

याच काळात पशुवैद्यकाच्या शाळा निघू लागल्या. क्लोद बुर्जला याने लिआँ येथे १७६२ मध्ये पहिली शाळा सुरू केली. लंडनचे पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ मध्ये स्थापन झाले; त्याचा पहिला प्राध्यापक सँबेल हा १७९३ मध्ये मरण पावला आणि नंतर ते पद एडवर्ड कोलमन याच्याकडे गेले. तेथे तो १८३९ पर्यंत होता. त्याच्याबरोबर काही काळ विल्यम मूरक्रॉफ्ट याचीही नेमणूक झाली होती. मूरक्रॉफ्टने लिआँ येथे शिक्षण घेतले होते, यंत्राने नाल तयार करण्याचा प्रयत्न केला होता, आणि १८०० मध्ये नाल ठोकण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा आढावा घेणारे छोटे पुस्तकही लिहिले होते. पुढे १८०८ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधील पुसा येथील अश्वपैदास केंद्रावर आला.

कोलमन हा मुळात माणसांची शस्त्रक्रिया शिकलेला होता. त्रिकोणावर जमिनीचा दाब पडलाच पाहिजे, नाहीतर टाचा आकसतात, हा त्याचा सिद्धांत. त्यासाठी त्याने टाचेकडे पातळ होत जाणारा नाल काढला, आणि ज्यांचा त्रिकोण आधीच सुकला होता अशांसाठी कृत्रिम त्रिकोणही योजला. परंतु कित्येक वर्षे दाबाची सवय सुटलेल्या खुरावर तो एकाएकी आणला, तर घोडा आणखीच लंगडतो. कोलमनची पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही, याचे एक कारण हेच. त्याच्या सिद्धांतात तथ्य होते. मात्र खुराला बदलण्यास लागणारा काळ त्याच्या हिशेबात नव्हता.

५

वादाला खरी धार आली ती ब्रेसी क्लार्क (१७७१–१८६०) याच्या लेखनाने. क्लार्क हा लंडन महाविद्यालयाच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या माशीवरील त्याचा निबंध १७९७ चा असून तो लिनियन सोसायटीचा सभासद होता. निसर्गाचे निरीक्षण आणि मोजमाप यांची शिस्त त्याच्या अंगी होती. १८०९ मध्ये त्याने जिवंत घोड्याच्या पायावरील आपल्या मूळ प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

प्रयोगाची कल्पना साधी होती. कधीही नाल न ठोकलेल्या एका तरुण घोडीच्या खुराचा प्लॅस्टरचा ठसा घेण्यात आला. नंतर तिला रीतीप्रमाणे नाल ठोकण्यात आले व पुढील वर्षांत त्याच खुराचे ठसे पुन्हा घेण्यात आले. ठसे एकाशेजारी एक ठेवले असता खुराचा गोलसर घेर उत्तरोत्तर लांबट होत गेलेला, टाचा जवळ आलेल्या व त्रिकोण दबलेला दिसत होता. क्लार्कचा निष्कर्ष असा की, खूर ही लवचिक वस्तू आहे, न लवणाऱ्या लोखंडाला ती दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी जखडली की तिचे रुंदावणे थांबते, आणि थांबलेला अवयव आकसतो. म्हणून उत्तम नालबंदाने उत्तम रीतीने ठोकलेला नालसुद्धा हानिकारकच; दोष हाताचा नसून तत्त्वाचा आहे.

या विधानाचे महत्त्व मोठे होते. तोपर्यंत प्रत्येक लंगड्या घोड्यामागे एक वाईट नालबंद शोधला जाई. क्लार्कने व्यक्तीकडून पद्धतीकडे बोट वळविले. खुराच्या लवचिकतेविषयी तो बरोबर होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ड्रेस्डेन येथील आंटोन लुंगविट्झ याने विजेच्या संपर्काचा उपयोग करून, भार पडताच खुराचा मागील भाग रुंदावतो हे प्रत्यक्ष दाखविले.

परंतु पुराव्याच्या दृष्टीने पाहता क्लार्कच्या ठशांनी जेवढे सिद्ध केले, त्यापेक्षा त्याचे विधान अधिक व्यापक होते. ठसे एका घोडीचे होते. तिच्याच वयाची, तशाच तबेल्यात राहणारी, परंतु बिननालाची दुसरी घोडी तुलनेसाठी नव्हती. नाल ठोकला जातो तेव्हा घोड्याचे सारे जीवनच बदलते. तो कुरणातून कोरड्या तबेल्यात येतो, दिवसाचे कित्येक तास उभा राहतो, कठीण रस्त्यावर चालतो, आणि दर खेपेला त्याचा तळवा व त्रिकोण कोरला जातो. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठशांवरून कळत नाही. आणखी एक अडचण आहे. टाचेत वेदना असेल तर घोडा टाचेवर भार देत नाही, आणि भार न पडलेली टाच आकसते. म्हणजे आकसणे हे लंगडेपणाचे कारण असू शकते, तसेच त्याचा परिणामही असू शकते. खुरातील खोल सांध्याच्या दुखण्याचा अभ्यास जसजसा वाढला, तसतसे हे दुसरे शक्यतेचे अंग अधिक स्पष्ट झाले.

क्लार्क स्वतः मात्र अनवाणी घोड्याचा पुरस्कर्ता नव्हता. पुढच्या टोकाशी बिजागरी असलेला, खुराबरोबर उघडमीट होणारा नाल त्याने तयार केला. तो व्यवहारात टिकला नाही. तथापि ज्या प्रश्नाला बिजागरीने उत्तर मिळाले नाही, त्याला नाल काढून टाकल्याने मिळेल काय, असा विचार पुढील पिढीत उद्भवणे स्वाभाविक होते.

६

या मधल्या काळात लंगडेपणावर एक निराळाच उपाय निघाला. पायातील मज्जातंतूचा तुकडा कापून टाकला की खुरातील वेदना घोड्याला जाणवत नाही व तो सरळ चालू लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत निघालेल्या या शस्त्रक्रियेशी मूरक्रॉफ्ट आणि लंडन महाविद्यालयातील विल्यम सेवेल या दोघांची नावे जोडली जातात. काही असाध्य दुखण्यांत तिचा उपयोग होता व पुढेही राहिला. परंतु ज्या घोड्याला पायाची जाणीव नाही, त्याच्या खुरात खिळा शिरला तरी तो पाय ओढीत नाही, पू झाला तरी लंगडत नाही. रोग वाढतच राहतो आणि कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मुक्या प्राण्याजवळ आपले दुखणे सांगण्याचे जे एक साधन होते, तेच या उपायाने काढून घेतले. लंगडेपणा हा रोग की रोगाची खूण, हा भेद येथे अगदी उघडा पडतो.

जॉर्ज फ्लेमिंग याने १८६९ मध्ये नालाची उत्पत्ती, इतिहास, उपयोग व दुरुपयोग यांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. लष्करी पशुवैद्य म्हणून त्याला घोडदळाचा प्रत्यक्ष अनुभव होता. त्याचे मत असे की, खूर कोरणे, कानशीने भिंत घासून पातळ करणे, गरजेपेक्षा जड नाल वापरणे आणि जास्त खिळे ठोकणे हे दुरुपयोग थांबले, तर बहुतेक लंगडेपणा नाहीसा होईल. शंभराहून अधिक वर्षांच्या वादानंतर तो जवळजवळ लाफोसच्याच भूमिकेवर आला होता. मात्र आता परिस्थिती बदलली होती. अमेरिकेत ट्रॉय येथील हेन्री बर्डन याने १८३५ मध्ये नाल करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते आणि पुढे त्याच्या कारखान्यात मिनिटाला साठपर्यंत नाल निघू लागले. खुराच्या मापाने नाल घडविण्याऐवजी तयार नालाच्या मापाने खूर घासण्याचा मोह वाढण्यास ही सोय पोषकच होती. शहरांत आगगाडीमुळे घोडे कमी न होता उलट वाढले. स्थानकापासून घरापर्यंतचा माल व माणसे तेच वाहत होते.

७

नाल अजिबात नको, असे म्हणणारा पक्ष १८८० च्या सुमारास इंग्लंडात पुढे आला. 'फ्री लान्स' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचे घोडे व रस्ते यांवरील पुस्तक १८८० मध्ये निघाले. निसर्गशास्त्रावरील सुबोध लेखनासाठी प्रसिद्ध असलेले पाद्री जे. जी. वुड यांनी १८८५ च्या आपल्या ग्रंथात हाच पक्ष घेतला. खूर स्वतःच झिजतो व स्वतःच वाढतो, झिजेच्या उत्तेजनाने तो अधिक कठीण होतो, आणि जगातील अनेक देशांत घोडे बिननालाचे काम करतात, ही त्यांची मुख्य प्रमाणे.

विरोधकांचे उत्तर अनुभवाचे होते. लंडनच्या रस्त्यावर एखाद्या घोड्याचा नाल निखळला की तो शंभर पावलांत लंगडतो, हे प्रत्येक गाडीवानाने पाहिले होते. ॲना सेवेल हिच्या १८७७ मधील 'ब्लॅक ब्यूटी' या कादंबरीतील एक प्रसंग येथे आठवतो. दारूच्या नशेत असलेला स्वार सैल झालेल्या नालाकडे दुर्लक्ष करून घोडा दगडी वाटेवर पिटाळतो. नाल निखळतो, उघडा खूर फुटतो, घोडा कोसळतो आणि स्वार प्राणास मुकतो. ही कादंबरीतील घटना असली, तरी ती रचणाऱ्या लेखिकेला घोड्यांची चांगली जाण होती.

पण या उत्तरातही तोच दोष आहे. नाल निखळलेल्या घोड्याचा खूर हा नालाखाली तयार झालेला खूर असतो. त्याचा तळवा कोरलेला, भिंत खिळ्यांच्या छिद्रांनी दुर्बळ झालेली, त्रिकोण दाबाला न सरावलेला. तो लंगडतो यावरून बिननालाचा घोडा काम करू शकत नाही, असे ठरत नाही. त्या दिवशी तो घोडा करू शकत नाही, एवढेच ठरते. क्लार्कच्या अनुयायांनी आकसलेली टाच दाखवून सारा दोष नालावर ठेवला आणि त्यांच्या विरोधकांनी निखळलेल्या नालाचा घोडा दाखवून सारा दोष अनवाणीपणावर ठेवला. एकाने वर्षांचा परिणाम पाहिला, दुसऱ्याने तासांचा. दोघांचे निरीक्षण खरे होते. मात्र प्रत्येकाने आपल्या निरीक्षणाला काळाची जी मर्यादा होती, ती निष्कर्षात सोडून दिली.

या वादाचा निकाल त्या काळी लागला नाही. पुढे मोटारी आल्या आणि शहरांतील घोडेच नाहीसे झाले. प्रश्न सुटला नाही. प्रश्न विचारण्याचे निमित्त तेवढे गेले.

८

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मनी व अमेरिका या देशांत अनवाणी घोड्याचा पक्ष पुन्हा उभा राहिला. जेमी जॅक्सन याने अमेरिकेतील रानटी घोड्यांच्या खुरांचे निरीक्षण करून १९९२ मध्ये पुस्तक लिहिले. जर्मनीत हिल्ट्रुड श्ट्रासर हिने नालाविरुद्ध याहून कठोर भूमिका घेतली. दुसरीकडे ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणी झालेल्या नालबंदाखेरीज इतरांनी घोड्याला नाल ठोकण्यास मनाई केली. खिळ्याने होणाऱ्या इजेचे गांभीर्य त्यामागे आहे. टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या सांघिक स्पर्धेचे सुवर्णपदक स्वीडनने जिंकले, तेव्हा पेडर फ्रेड्रिक्सन याचा 'ऑल इन' आणि हेन्रिक फॉन एकरमन याचा 'किंग एडवर्ड' हे दोन्ही घोडे बिननालाचे होते. उच्च कोटीचे श्रम नालाशिवाय होऊच शकत नाहीत, हे मत यामुळे टिकत नाही. परंतु निवडक घोडे, तयार केलेले मैदान आणि रोजची तज्ज्ञ देखभाल यांच्या जोरावर मिळालेले हे यश दगडी वाटेवर ओझे ओढणाऱ्या घोड्याला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

इतिहासातील या वादावरून आजच्या व्यवहारासाठी एक क्रम हाती लागतो. नाल ठोकल्यावर घोडा लंगडू लागला, तर प्रथम दिवस मोजावे. ठोकल्यापासून आठवड्याभरातील लंगडणे हा खिळ्याचा, कापण्याचा किंवा दाबाचा संशय होय. तेथे तत्त्वाची चर्चा न करता खिळा काढावा, खूर तपासावा, पशुवैद्य बोलवावा आणि धनुर्वाताच्या प्रतिबंधाची खात्री करून घ्यावी. नालाशी वेळेचा संबंध नसेल, तर नालालाच दोषी धरून खांदा, सांधा किंवा स्नायुबंध तपासण्याचे टाळू नये. अनवाणी ठेवण्याचा विचार ही तिसरी, वेगळी गोष्ट आहे. ती लंगडेपणाच्या रागात करावयाची नसून घोडा बरा असताना करावयाची असते. खुराची नवी भिंत खाली येण्यास जवळजवळ वर्ष लागते, त्या अवधीत खुराच्या कडा गोल राखाव्या लागतात, मऊ जमिनीवरून हळूहळू कठीण जमिनीवर जावे लागते, आणि आरंभीचा हुळहुळेपणा दिवसेंदिवस कमी होतो की वाढतो यावर लक्ष ठेवावे लागते. वाढत असेल, तर तो सवयीचा भाग समजून घोड्याला तसेच चालविणे ही क्रूरता ठरते. झेनोफनच्या दगडांच्या चार गाड्यांचा अर्थ हाच होता. खूर घडवावा लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

या संक्रमणकाळात आज घोड्याच्या खुरावर बांधावयाचे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे जोडे वापरतात. ते कठीण वाटेवर निघताना घालतात आणि तबेल्यात परतल्यावर काढून ठेवतात. त्यांत खिळा नाही. अरबी भाषेतील मूळ शब्दाचा जो पहिला अर्थ, तो या साधनाला खिळ्याच्या नालापेक्षा अधिक यथार्थपणे लागू पडतो.